शून्य अंशाचा पत्ता

“मिस्टर, हे शून्य अंश असतं कुठे?”

प्रश्न तोंडातून निसटला आणि मगच नब्राच्या लक्षात आलं, की आपण चक्क उभ्या आहोत. मागच्या बाकावर सौसन आणि रबाब ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. पैज त्यांचीच. “आमच्यापुढे बडबडतेस ती मिस्टरांपुढे बडबडून दाखव,” सौसन म्हणाली होती, “तर मानू तुला.” पूर्वीची नब्रा असती तर मान खाली घालून गप्प बसली असती. पण यंदा तिला काय झालं होतं कोण जाणे! ओठावर आलेलं गिळायचं ती विसरूनच गेली होती.

हॉल भरगच्च. एरवी इथे लग्नं लागायची. परीक्षेच्या हंगामात शिकवण्या लागत. डावीकडे मुली, उजवीकडे मुलगे, आणि समोर भिंतीवर मिस्टर रिफअत यांचा माणसाहून मोठा फोटो – खाली लिहिलेलं, ‘रसायनशास्त्राचा सुलतान’. फोटोतले सुलतान हसत होते. फोटोखालचे सुलतान सकाळपासून शिकवून शिकवून घोगरे झाले होते आणि माईकला काठीसारखे धरून उभे होते. पंखे गरम हवा इकडची तिकडे करत होते. बाहेर आस्वानचं ऊन, त्रेचाळीस अंश.

“काय म्हणालीस?”

“वायूचं आकारमान दिलं की बावीस पूर्णांक चारने भागायचं, म्हणजे मोल मिळतात. मोलला मोलर वस्तुमानाने गुणायचं, म्हणजे ग्रॅम मिळतात. पण हे बावीस पूर्णांक चार शून्य अंशालाच ना? मग मिस्टर... आमच्या गावात शून्य अंश कुणी बघितलंय कधी? माझ्या आजीनंसुद्धा नाही!”

हॉल खदखदला. एवढ्या थकलेल्या पोरांत हसायचं बळ कुठून आलं, देव जाणे.

“शून्य अंश पुस्तकात असतं,” मिस्टर म्हणाले. “आणि परीक्षा पुस्तकावर असते. बस खाली. चला सगळे! आकारमान आलं की?”

“भागा!” हॉल गरजला.

“कितीने?”

“बावीस पूर्णांक चार!”

“मग?”

“गुणा!”

तेवढ्यात मुलांच्या बाजूने एक आवाज आला. मोठा नव्हता. जांभईतून कसाबसा बाहेर पडल्यासारखा...

“इथे सव्वीस.”

“कोण तो?”

शेवटच्या रांगेत भिंतीला डोकं टेकून बसलेला एक उंच, सावळा मुलगा सावकाश उभा राहिला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. “या हॉलमधल्या गरमीत एक मोल वायूला सव्वीस लिटरच्या आसपास जागा लागेल, मिस्टर. ती बरोबर विचारतेय.”

“अरे वा! झोपाळू जागा झाला!” कुणीतरी ओरडलं आणि सगळी मुलांची बाजू फिस्सकन हसली. नब्राला तेव्हा कळलं, हाच तो शाझली. गेल्या वर्षी रसायनशास्त्राच्या पेपरात डोकं टेकवून जो झोपला, तो घंटा झाल्यावर उठला. कोरा पेपर! नाईलच्या दोन्ही काठांवर त्याचं नावच झोपाळू पडलं होतं.

मिस्टरांनी कपाळ पुसलं. “तुम्ही दोघं बाहेर जा. शून्य अंश सापडलं की परत या. मलाही आणा थोडं.”

* * *

जिन्यावर नब्रा पुढे, तो चार पायऱ्या मागे. खाली उतरल्यावर ती गर्रकन वळली.

“तुला कुणी सांगितलं होतं मध्ये बोलायला?”

“कुणी नाही.”

“मला एकटीला बाहेर काढलं असतं, तर मी ऐटीत गेले असते. आता उद्या सगळे म्हणतील, नब्रा आणि झोपाळू –”

ती थांबली. तो शब्द तोंडावर फेकायचा नव्हता तिला. त्याने मात्र खांदे उडवले, जणू कुणी नुसतं नावाने हाक मारली होती.

“चल,” तो म्हणाला. “शून्य शोधायला सांगितलंय ना?”

“वेडा आहेस का?”

“नाही. दमलोय फक्त.”

हॉलच्या तळमजल्यावर मासळीचं दुकान होतं. म्हणूनच मिस्टरांच्या शिकवणीला कायम ताज्या बोल्टी माशांचा वास. उतरत्या फळीवर बर्फाचा चुरा पसरलेला, त्यावर ओळीने मासे, आणि खाली बादलीत टप... टप... पाणी गळत होतं. शाझलीने सरळ बर्फावर पंजा ठेवला.

“हे घे. वितळणारा बर्फ. शून्य अंश. एक कमी नाही, एक जास्त नाही.”

नब्रा बघतच राहिली. कितीदा ती या दुकानावरून नाक दाबून गेली होती! तिनेही हात टेकवला. गार... इतकं गार, की दिवसभराचा शीण बोटांतून खाली उतरल्यासारखं वाटलं. दोघांच्या हातांमध्ये एक भलीमोठी बोल्टी आडवी पडली होती, डोळे उघडे ठेवून, घरातल्या मोठ्या काकूसारखी नजर ठेवत.

“मासा घेणार का नुसता हात धुणार?” दुकानदार खेकसला.

“मामा, एक पिशवी द्या ना,” शाझली म्हणाला. पिशवीत फुंकर मारून त्याने ती टम्म फुगवली, गाठ मारली आणि बर्फात खुपसून ठेवली. “आता बघ.”

पिशवी हळूहळू मऊ पडली. तिच्या अंगावर सुरकुत्या आल्या.

“हवा गळाली,” नब्रा म्हणाली.

“नाही गळाली. आत होती तेवढीच आहे. गार झाली म्हणून कमी जागेत बसली. आकारमान उतरलं, वस्तुमान तेवढंच.” तो पिशवीकडे बघत राहिला. “गेल्या वर्षी मला कैरोला पाठवलं होतं... उजळणीला. सकाळी एक सुलतान, दुपारी एक बादशहा, संध्याकाळी आणखी कुणी. नुसती भट्टी. मी असा फुगलो, असा फुगलो, की घरचे म्हणाले, वा, पोरगा किती शिकला! पण आत तेवढंच होतं गं. मग पेपर समोर आला आणि... मला वाटलं, पाचच मिनिटं डोळे मिटू या.”

तो हसला. नब्राला हसू आलं नाही.

कारण या उन्हाळ्यात कैरोला ती जाणार होती. बाबा कैरोच्या एका हॉटेलात आचारी. ते सुट्टीवर येणार आणि परत जाताना तिला घेऊन जाणार, असं ठरलं होतं. आत्याच्या घरी राहायचं, परीक्षेपर्यंत उजळण्या करायच्या, मेडिकलचे गुण आणायचे. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं.

* * *

त्या दिवसापासून गंमत सुरू झाली... बोटीवर.

दोघांचं गाव पलीकडच्या काठावर. शिकवणी सुटली की एकच बोट. पण बोटीत बायका पुढे बसतात आणि पुरुष मागे. आजवर कुणी पाटी लावलेली नाही आणि कुणी चुकलेलंही नाही. मधोमध इंजिनाची पेटी, आणि पेटीला टेकून हाज्जा सकीना, टोपल्या विकून परत निघालेली. तिचं वय झालं होतं, म्हणून ती बायकांतही धरली जायची आणि पुरुषांतही.

पहिल्या दिवशी नब्राने तिच्या कानाला लागून विचारलं, “हाज्जा, मागे तो उंच मुलगा बसलाय ना, त्याला विचार, कार्बन डायऑक्साइडचं मोलर वस्तुमान किती?”

“कसलं मान?”

“तू नुसतं विचार गं.”

हाज्जाने मान वळवली आणि इंजिनाच्या वरताण आवाज काढला. “ए पोरा! ही विचारतेय, कार्बनबाईचं मान किती?”

“चव्वेचाळीस!” मागून उत्तर आलं.

“चव्वेचाळीस म्हणतोय. बऱ्यापैकी वयाची दिसतेय बाई!”

बोटभर हशा. पण दुसऱ्या दिवशी मागूनच सवाल आला. “हाज्जा, तिला विचार, बावीस पूर्णांक चार लिटर ऑक्सिजन शून्य अंशाला किती ग्रॅम?”

“बत्तीस!” नब्रा परस्पर ओरडली.

“मग मी कशाला बसलेय मध्ये?” हाज्जा रुसली. “पद्धतशीर माझ्याकरवी सांग.”

मग तसंच चाललं. सूर्य खडकांमागे उतरायचा, पाणी तांबूस व्हायचं, दमलेली माणसं झेंडूच्या फुलांसारखी माना टाकून बसायची, आणि त्यांच्या डोक्यांवरून लिटर आणि ग्रॅम इकडून तिकडे जायचे. हळूहळू रसायनात भलतीच भेसळ होऊ लागली. “त्याला विचार, आज जेवला का?” “तिला सांग, निळी ओढणी कालच्यापेक्षा बरी.” “त्याला सांग, ओढण्या बघायला बसतोस का अभ्यास करायला?” “तिला सांग, दोन्ही जमतं.” बोट चालवणारे रईस ओकाशा मिशीत हसायचे. आणि नब्रा? ती पाण्याकडे बघायची. गाल तापलेत ते उन्हाने, असं स्वतःला सांगायची. पण ऊन तर केव्हाच मावळलेलं असायचं...

एकदा तिने बघितलं, शाझली मागच्या बाकावर चक्क झोपला होता. तोंड जरासं उघडं, हात सैल. दुसरं कुणी असतं तर तिने थट्टा केली असती. तिने हाज्जाच्या ओठांवर बोट ठेवलं आणि त्या दिवशी एकही सवाल मागे गेला नाही.

* * *

बाबा आले, दमून. रात्रभराच्या आगगाडीने अंगाचा पार भुगा झालेला. “शनिवारी निघायचं,” चहाचा पेला हातात घेत ते म्हणाले. “आत्यानं तुझ्यासाठी खोली लावून ठेवलीय.” आईने नब्राचे कपडे घडी करायला घेतले. नब्रा “हं” म्हणाली. नुसतं “हं”. तोंडाळ नब्रा घरात आली की अशी मुकी का होते, हे तिचं तिलाच उमगेना.

गुरुवारी मिस्टरांची सराव परीक्षा होती. एक प्रश्न असा: चुनखडीच्या तुकड्यावर आम्ल टाकलं, शून्य अंशाला एकशे बारा घन सेंटिमीटर कार्बन डायऑक्साइड मिळाला, त्याचं वस्तुमान काढा.

साऱ्या हॉलचे ओठ हलायला लागले. भागा! बावीस पूर्णांक चार! गुणा! एकशे बाराला भागलं की पाच, पाच गुणिले चव्वेचाळीस, दोनशे वीस ग्रॅम. नब्राचंही पेन धावलं, आणि मध्येच अडलं.

एकशे बारा घन सेंटिमीटर... म्हणजे केवढा? बाबांच्या चहाच्या पेल्यात मावेल एवढा. आणि वजन दोनशे वीस ग्रॅम? पेलाभर हवा, ती अंगठ्याएवढ्या दगडातून निघालेली, आणि तिचं वजन मूठभर खजुरांपेक्षा जास्त? तिला आपोआप बर्फातली पिशवी दिसली. फुगलेली, हलकी. फुंकर मारली असती तर उडून गेली असती.

अगं बाई! बावीस पूर्णांक चार हे लिटर आहेत. आणि हे घन सेंटिमीटर! आधी हजाराने भागायला हवं. तिने खाडाखोड केली आणि लिहिलं, शून्य पूर्णांक बावीस ग्रॅम.

मिस्टरांनी एकेक करून पेपर चाळले.

“दोनशे वीस,” शेवटी ते म्हणाले. “सगळ्यांनी दोनशे वीस लिहिलंय. माझी मुलं ओळीने चुकतात तीसुद्धा सुरात.” माईक खाली ठेवून ते खुर्चीवर बसले. बसलेले मिस्टर कुणी पाहिलेच नव्हते. “दोघांचंच बरोबर आहे. शून्य आणायला पाठवलं होतं त्या दोघांचं.”

सौसनने नब्राला चिमटा काढला. नब्राने उजवीकडे पाहिलं. शाझली तिच्याकडेच बघत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती.

* * *

संध्याकाळी बोट सुटली. नब्रा गप्प. मागेही सामसूम. हाज्जालाच ते सोसेना.

“आज मोलबिल काही नाही का रे पोरांनो? की परवाच्या जाण्याचं दुःख आत्ताच करत बसलात?”

“कुणाचं जाणं?” मागून आवाज आला.

“अरे, हिचं! शनिवारी बापाबरोबर कैरोला निघालीय. अख्ख्या गावाला माहीत आहे.”

इंजिन धडधडत राहिलं. मग शाझलीचा आवाज आला, बसका. “हाज्जा... तिला विचार, तिला जायचंय का?”

हाज्जाने नब्राकडे पाहिलं. तिने मान हलवली. ना धड हो, ना धड नाही, अशी भलतीच.

“काही कळत नाही बाबा. नुसती मान हलवतेय.”

“बरं. मग तिला सांग...” आणि तो पुढे काहीतरी बोलला. इंजिनाच्या आवाजात शब्द विरून गेले. हाज्जाला मात्र ऐकू गेले असावेत, कारण ती टोपली मांडीवरून खाली ठेवून ताठ बसली.

“हे नाही हो मी सांगणार! ग्रॅम सांगितले, लिटर सांगितले. हे ज्याचं त्यानं सांगावं. ऊठ, ये इकडे!”

शाझली उठला. इंजिनाच्या पेटीपर्यंत आला आणि थांबला. त्यापुढे पुरुष येत नाहीत. मग नब्रा उठली. तिचे पाय तिला न विचारताच चालू लागले होते. पेटीच्या या बाजूला ती, त्या बाजूला तो, मध्ये धूर, तेलाचा वास आणि कानठळ्या बसवणारी धडधड.

त्याने तोंड उघडलं आणि रईस ओकाशांनी भर नदीत इंजिन बंद करून टाकलं.

“असं काय बघता?” ते म्हणाले. “आम्हालाही ऐकू द्या की. इतके दिवस फुकट शिकलो, आता मधूनच कसं सोडायचं?”

बोट नुसती तरंगत राहिली. कडेला पाणी चुळचुळत होतं.

शाझलीने कान चोळला. ओढणीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, शेवटी तिच्याकडे.

“मला... रात्री झोप लागते हल्ली,” तो म्हणाला. “वर्षभर लागत नव्हती. त्या पेपरात झोपलो, त्यानंतर घरी कधी धड झोपलोच नाही. डोळे मिटले की ती घंटा ऐकू यायची. म्हणून तर दिवसा पेंगत असतो. पण या बोटीवर तुझ्याशी बोलायला लागल्यापासून... घरी जातो, उशीला डोकं लावतो आणि सकाळ होते. एवढंच.”

हाज्जा सकीनाने डोळ्याला ओढणीचं टोक लावलं.

“प्रेमात माणसाची झोप उडते म्हणतात,” ती म्हणाली. “झोप लागणारा हा पहिलाच बघितला बाई!”

बोट हसली. नब्राही हसली, आणि हसता हसता तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. किती दमली होती ती! किती दिवसांची! आणि तिला आत्ता कळत होतं, की या दोन काठांमधल्या एवढ्याशा प्रवासातच काय ती तिची विश्रांती होती.

“ऐक,” ती म्हणाली. ओरडावं लागलं नाही. “मलाही तू... म्हणजे, हे बघ, एवढ्या लोकांपुढे मी शब्दात सांगणार नाही. पण तुला कळलंय ना?”

“कळलंय.”

“सव्वीसपर्यंत बरोबर गणित करतोस, तर हेही कळेलच.”

“कळलंय गं,” तो म्हणाला, आणि त्याचा सगळा चेहरा उजळून निघाला.

“रईस, आता काठाला लावा!” कुणी बाई ओरडली. “माझी भेंडी चुलीवर आहे!”

* * *

बोटीपेक्षा बातमी आधी पोचते. नब्रा उंबऱ्यात आली, तेव्हा आईच्या हातात फोन तसाच होता आणि बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते. कोपऱ्यात तिची बॅग, अर्धी भरलेली.

“भर नदीत बोट थांबवली म्हणे,” आई म्हणाली. “अख्ख्या गावासमोर! लाज कुठे ठेवलीस?”

“मी नाही थांबवली. रईस ओकाशांनी थांबवली.”

“उलट उत्तरं नकोत,” बाबा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, शीणच जास्त होता. “नब्रा, आम्ही एवढं कशासाठी करतोय? मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुलीपुढे उभा राहिलो. तू राहू नयेस म्हणून.”

नब्राने चपला काढल्या. आत आली. आईच्या हातातला फोन हळूच घेऊन बाजूला ठेवला आणि जमिनीवर बाबांच्या पायाशी बसली. या वेळी ती “हं” म्हणाली नाही.

“बाबा, तुमचे पाय किती सुजलेत,” ती म्हणाली. “तुम्ही थकलाय. आईपण थकलीय. मीसुद्धा. तुम्ही मला दुसऱ्या चुलीपुढे नेऊन उभं करताय आणि आपल्याला वाटतंय, चूल मोठी असली की पोरगी हुशार होणार. आज परीक्षेत एक गणित होतं. सगळ्या हॉलने घोकलेलं लिहिलं आणि सगळा हॉल चुकला. मी थांबून विचार केला, म्हणून माझं बरोबर आलं. मला थांबता येतं हे मला आजच कळलं. तिथे मला कुणी थांबू देणार नाही.”

“आणि तो मुलगा?” आईने विचारलं.

“तो मुलगा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. एवढंच, की आज म्हटलं नसतं... पुढच्या वर्षी म्हटलं असतं, कोरा पेपर देऊन आल्यावर.”

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबा काहीतरी बोलणार होते, पण नब्रा उठून उभी राहिली होती. त्या दिवशी हॉलमध्ये उभी राहिली होती तशीच. फक्त आता कुणी पैज लावलेली नव्हती.

“मी शनिवारी तुमच्याबरोबर येत नाहीये, बाबा. इथेच राहीन, इथूनच परीक्षा देईन, आणि पडतील ते गुण माझे असतील. मेडिकलचे पडले तर मेडिकल, नाही तर मी रसायनशास्त्र घेईन. आत्याला फोन मीच करते. आणि शाझलीबद्दल जे काही विचारायचं असेल ना, ते परीक्षा झाल्यावर विचारा. तोवर तो बोटीत मागे बसेल आणि मी पुढे.”